तीन नंबरचा पेला

प्रिय इरा आणि नील,

मागच्या रविवारी फोनवर तुमचं भांडण चाललं होतं. माणसं दारू चवीसाठी पितात, असं नीलचं म्हणणं. चवीसाठी कोणी पीत नाही, चढावी म्हणूनच पितात, असं इराचं. मधेच तुमचे आजोबा खुर्चीतून ओरडले, "चव! अर्थातच चव!" आणि मला इतकं हसू फुटलं की मोबाइल हातातून सुटून वरणात पडला. तुम्हाला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क नाही, वरण.

मी का हसले ते सांगायचं तर शेजारच्या आबांबद्दल सांगावं लागेल. आजवर ते सांगता येत नव्हतं. त्यांच्या घरातली दोन गुपितं माझ्याकडे होती, एक त्यांचं आणि एक त्यांच्या बायकोचं, अक्कांचं, आणि दुसऱ्याला कळता कामा नये असं दोघांनीही मला बजावलं होतं. दिवाळीनंतर आबा गेले. परवा मी अक्कांना विचारलं, तुमच्या घरची गोष्ट नातवंडांना लिहू का? त्या म्हणाल्या, "लिवा की बाई. आता कोण रागावतंय."

आबा तुम्हाला आठवतील. नील, तू पाच वर्षांचा असताना तुझ्या हातातली कुल्फी चाटून "दुधात पावडर हाय" असा निकाल देणारे, आणि तू भोकाड पसरल्यावर तीन कुल्फ्या आणून देणारे, ते आबा.

त्यांची एक ठरलेली पद्धत होती. काहीही तोंडात घालण्याआधी चूळ भरायची, उपरण्याच्या टोकाने जीभ पुसायची, डावा डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "थांबा, जिभेला इचारू." मग सगळ्यांनी थांबायचं. लग्नाच्या पंगतीत आबा बसले की आचारी भटारखान्यातून डोकावून बघत असे. आमच्या नळाचं पाणी चाखून ते सांगत, "टाकी धुतल्याली न्हाय." एकदा माझ्याकडचा चहा घेताना त्यांनी डावा डोळा मिटला आणि म्हणाले, "बाई, आज भांडं दुसरं वापरलंय." वापरलं होतं.

ही जीभ त्यांनी कमावली होती ती साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. आलेल्या उसाचा रस काढून त्याची गोडी उपकरणाने मोजायची, हे तिथलं काम. साहेब लोक उपकरणाला डोळा लावेपर्यंत आबा रस जिभेवर फिरवून आकडा सांगून मोकळे. नुसता आकडा नाही, गावसुद्धा. "ह्यो निमगाव केतकीचा. जमीन खारवटल्याली हाय, मालकाला सांगा." आबा निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांच्यापेक्षा त्यांच्या जिभेचंच कौतुक जास्त झालं, असं अक्का सांगतात.

आता त्यांचा रविवार. तो साडेअकराला सुरू व्हायचा. अक्कांचं मटण चुलीवर, आबा मागच्या पायरीवर, समोर बशीत शेंगदाणे. अक्का आतून एक पेला भरून आणून देत. एकच. आठवड्यात एरवी काही नाही. पेला संपला की आमच्या भिंतीपलीकडून आवाज सुरू.

"अगं, हा रस्सा हाय का औषध हाय! बारामतीत असा रस्सा न्हाय! इंदापुरात न्हाय!"

"हळू बोला. बाईंकडं ऐकू जातंय."

"जाऊ दे की! बाईंनी बी शिकावं!"

मग भाकरीचं कौतुक, मग भाकरी थापणाऱ्या हातांचं, मग लग्नात नेसलेल्या हिरव्या शालूचं. सोमवार ते शनिवार हाच माणूस बायकोशी दोनच शब्द बोलत असे, "चष्मा" आणि "मीठ". म्हणून रविवारी बाराच्या सुमारास गल्लीतल्या बायकांना अंगणात काहीतरी काम निघायचंच. मीही तेव्हा कपडे वाळत घाली. धुतलेले नसले तरी.

आजोबांचं वेगळं. त्यांचा शनिवार. तुमच्या बाबांनी परदेशातून आणलेली बाटली, जाड बुडाचा पेला, आत नाक घालून आधी वास. "धूर," ते म्हणत. "जुनं लाकूड." एका शनिवारी भिंतीपाशी उभं राहून ते आबांना समजावत होते की आपण चवीसाठी घेतो, आणि आबा घेतात ती दुकानातली, तिला चव कसली, ती फक्त चढण्यासाठी.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, तुमी चव सांगता का बाटलीवरचं वाचून दाखवता?"

आजोबांनी आख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली. पाण्याच्या पाळीवरून भर उन्हात कालव्यावर भांडणं झाली, तिथेही त्यांना कोणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं. त्यांनी पेला भिंतीवर ठेवला. "परीक्षा होऊन जाऊ दे."

"होऊ द्या."

"प्रत्येकानं आपापली बाटली द्यायची. डोळे बांधून."

आबांनी एकदा मागे, आपल्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मग म्हणाले, "परीक्षा बाई घेणार असतील तर माझी हरकत न्हाय."

एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यावर आणि तेवढीच वर्षं पर्यवेक्षण केल्यावर मला दुसरं काय येतं? मी नियम लिहून काढले. तीन पेले. एकात परदेशी, एकात आबांची, आणि एक फसवा, ज्यात दारू अजिबात नाही. आबांना डॉक्टरांनी दारू बंद सांगितली होती आणि ते ऐकत नव्हते, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून चव घ्यायची आणि पातेल्यात थुंकायची. हरणाऱ्याने महिनाभर दोन्ही घरांची दळणं गिरणीत न्यायची. परीक्षेची वेळ पुढच्या रविवारी साडेअकरा.

आदल्या दिवशी सकाळी अक्का आबांची बाटली पिशवीत घालून घेऊन आल्या. ओट्यावर ठेवली आणि त्या एकदम खाली फरशीवर बसल्या.

"बाई, ह्यात दारू न्हाय."

"मग काय आहे?"

"काकवी. कोऱ्हाळ्याची, माझ्या भावाच्या गुऱ्हाळातली. कोऱ्या चहात कालवायची. घशाला जाळ लागाय पायजे म्हणून मिरी आन् आलं."

डॉक्टरांनी सांगितल्यावर अक्कांनी महिनाभर विनवलं. आबांचं एकच उत्तर, मी चवीसाठी घेतो, नशेसाठी न्हाय. शेवटी अक्कांनी बोलणं सोडलं. पेला त्याच भरत असल्यामुळे काम सोपं होतं. आबांनी आणलेली बाटली परसातल्या कढीपत्त्याच्या बुडात ओतायची आणि तीत आपला काढा भरायचा.

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन वर्सं."

"आणि आबांना कळलं नाही?"

"न्हाय की. रविवारी झकास चढती त्यांना. तुमी ऐकताच."

आम्ही दोघी हसायला लागलो. मी ओट्याला धरून, त्या पदर तोंडात कोंबून. हसता हसता अक्का रडायला कधी लागल्या ते मला कळलं नाही.

"बाई, आख्ख्या कारखान्यात त्यांच्या जिभेचं नाव. बायकोनं तीन वर्सं काकवी पाजली आन् ह्यांना पत्ता न्हाय, असं साहेबांपुढं निघालं तर हा माणूस घराबाहेर पडंल का? आन् माझ्या हातचं पाणी तरी पिईल का पुन्हा?"

परीक्षा रद्द करावी म्हटलं तर आजोबांनी आपल्या नोंदींच्या रजिस्टरमध्ये तारीख टाकून ठेवली होती. मी कागद घेऊन विचार केला. आबांच्या पेल्यात खरी दारू घालायची. आणि अक्कांचा काढा? तो फसव्या पेल्यात. आबा चाखून "ह्यात दारू न्हाय" म्हणाले, तर उत्तर बरोबरच ठरणार होतं. धोका एकच. तीन वर्षांची सवय म्हणून तो काढा चाखून आबा "हीच माझी" म्हणाले, तर सगळं संपलं. एकतीस वर्षं कॉपी पकडली आणि म्हातारपणी मीच प्रश्नपत्रिका फिरवायला बसले.

खरी दारू आणायची कुठून? आजोबांना पाठवलं तर गुपित फुटणार. मी भाजीची पिशवी घेतली, रिक्षा केली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, स्टँडकडच्या दुकानात गेले, जिथे मला कोणी ओळखणार नाही. जाळीच्या आत पन्नाशीचा मिशाळ माणूस बसला होता. मला बघताच तो ताडकन उठून उभा राहिला.

"नमस्ते बाई! दहावी ब."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बस खाली."

तो बसला. मी आबांच्या बाटलीवरचं नाव कागदावर लिहून नेलं होतं. ते मी धडा वाचल्यासारखं स्पष्ट वाचून दाखवलं आणि म्हटलं, "याची एक क्वार्टर दे. प्रयोगासाठी हवी आहे."

"व्हय बाई," तो आदराने म्हणाला. "समदेच प्रयोग करत्यात." मग त्याने मराठी वर्तमानपत्र बाजूला सारून दुसरा गठ्ठा ओढला. "तुमाला इंग्लिश पेपरात बांधून देतो."

रविवार उजाडला. तीन सारखे पेले मी धुऊन पुसून ठेवले आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावून आकडा लिहिला. एक नंबर परदेशी, दोन नंबर दुकानातली, तीन नंबर अक्कांचा काढा. उत्तरं लिहून घ्यायला शाळेतल्या उरलेल्या पुरवण्या काढल्या. अक्का स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक पिळत उभ्या.

आधी आजोबा. मी त्यांचे डोळे बांधले. एक नंबरचा घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "ही आबांची, दुकानातली. चव म्हणून नाही." दोन नंबर: "हं. हे तर खोकल्याचं औषध. हा फसवा." मग तीन नंबर. घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. थुंकायचं ते विसरलेच.

"आहाहा! धूर! जुनं लाकूड! हिला म्हणतात चव. बारा वर्षांची तरी असेल."

कोऱ्हाळ्याच्या गुऱ्हाळात कढईखाली जळणाऱ्या चिपाडांचा तो धूर. मी पुरवणीत जसंच्या तसं लिहून घेतलं. हसू लपवायला दारातल्या अक्का भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

मग आबा. चूळ भरली, जीभ पुसली. डोळे बांधलेले असूनही पट्टीखाली डावा डोळा मिटल्याचं दिसत होतं. एक नंबर. लगेच थुंकून म्हणाले, "ही साहेबांची. लाकडात ठिवल्याली." दोन नंबर. हा घोट त्यांनी जरा जास्त वेळ तोंडात ठेवला. मग थुंकला आणि पेला दोन बोटांनी लांब सरकवला. "ही दुकानातली."

तीन नंबर. घोट घेतला. थांबले. अक्कांचा पदर हलायचा थांबला. मी पेन धरून उभी. आबांनी आणखी एक घोट घेतला. मग आणखी एक. हा माणूस आता "हीच माझी" म्हणणार, असं मला वाटलं.

"ह्यो फसवा," आबा म्हणाले. "ह्यात दारू न्हाय."

तीनपैकी तीन. मी निकाल वाचला. आजोबांना तीनपैकी शून्य. शाळेत असे गुण मी इतिहासातसुद्धा कुणाला पडलेले पाहिले नव्हते. ते खुर्चीतून उठले. "अशक्य. मग त्या तिसऱ्यात होतं तरी काय?"

हा प्रश्न माझ्या नियमांत नव्हता. मी पुरवण्या उगाच नीट लावू लागले. अक्का पांढऱ्याफटक.

आबांनी स्वतःच पट्टी सोडली. "काकवी हाय, साहेब. कोरा चहा, मिरी. बाईंनी झकास काढा केलाय." आणि पेल्यातला शेवटचा थेंब संपवून ते सहज म्हणाले, "आलं मात्र जरा जास्त पडलंय ह्या खेपेला."

ह्या खेपेला! आजोबा आपली पुरवणी तपासण्यात गढले होते. अक्का आत वळल्या होत्या. मी आबांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

"आबा, तुम्हाला माहीत आहे."

"पयल्या रविवारीच कळलं, बाई. पयल्या घोटाला."

"आणि तीन वर्षं बोलला नाहीत?"

त्यांनी मागे वळून बघितलं, अक्का नाहीत ना ते. "तिनं एवढा खटाटोप केला. डॉक्टरनं सांगून सुटली न्हाय ती तिनं सोडवली. आता कळलं म्हणावं तर तिची चोरी उघडी पडती. तुमच्याकडं बाटली पाठवताना भ्या वाटलं हुतं, साहेबांपुढं तिचं बिंग फुटंल म्हणून."

"मग दर रविवारी ते चढणं?"

आबा पायातल्या चपलेकडे बघू लागले. "प्यायल्याला माणूस काय बी बोलला तरी चालतं, बाई. शुद्धीवर बायकोचं कौतुक करायची सवय न्हाय आमाला. बानं कधी केलं न्हाय, चुलत्यानं केलं न्हाय. पेला बंद झाला तर मी बोलू कसं?"

"पण मग दुकानातून खऱ्या बाटल्या का आणत होतात?"

"न्हाय आणली तर तिला कळंल की, मला कळलंय म्हणून." यात काय विचारायचं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तीन वर्षं हा माणूस दुकानातून बाटली आणत होता, न उघडता बायकोच्या हातात देत होता, आणि ती कढीपत्त्याला पाजत होती. "तिला सांगू नका," ते म्हणाले. फाटक उघडून पुन्हा थांबले. "आन् ती दुकानातली उरल्याली घरात ठिवू नका, बाई. वतून टाका. चव अजून ध्यानात हाय माझ्या."

मी ती तेव्हाच मोरीत ओतली.

पुढच्या रविवारी अकरा वाजता अक्का भिंतीपाशी आल्या. पातेलं ढवळत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आलं कमी घातलंय आज." मी काही विचारणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. साडेबाराला पलीकडून आवाज आला, "अगं, आज काय जमलंय, काय जमलंय!" आणि या वेळी ते मटणाबद्दल नव्हतं, हे गल्लीत फक्त तिघांना माहीत होतं.

चौथा माणूस, तुमचे आजोबा, महिनाभर स्कूटरवर दोन डबे लादून गिरणीत जात होता.

त्यानंतर सहा वर्षं असेच रविवार झाले. आबा गेले ते झोपेत, एका मंगळवारी. तेरावं झाल्यानंतरच्या रविवारी साडेअकराला मी कपडे वाळत घालायला गेले. गल्लीतल्या सगळ्याच बायका अंगणात होत्या. पलीकडे अक्का मागच्या पायरीवर बसल्या होत्या, समोर शेंगदाण्यांची बशी. आवाज काही आला नाही. थोड्या वेळाने एकेक जण आत गेली.

त्याच्या पुढच्या रविवारी आजोबा काही न सांगता चपला घालून भिंतीपाशी गेले. "अक्का, त्या दिवशीचा बाईंचा काढा तुम्हाला येतो का करायला?" अक्का आत गेल्या आणि तीन नंबरचा पेला भरून घेऊन आल्या. परीक्षेनंतर तो आबांनी बक्षीस म्हणून मागून नेला होता. आजोबांनी आत नाक घातलं, डोळे मिटले, सगळा प्यायले. मग ते आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आले आणि एवढ्या मोठ्याने, की गल्लीला ऐकू जावं, म्हणाले, "आज वांग्याचं भरीत उत्तम झालंय!" लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, मुलांनो. भरीत करायचं अजून बाकी होतं, वांगी टोपलीत होती. मी एक वांगं उचलून भाजायला ठेवलं.

हे पत्र पाठवण्याआधी मी दोघांना दाखवलं. आजोबा शेवटपर्यंत वाचून म्हणाले, "पण धूर होता की नव्हता? मग माझं चुकलं कुठे?" अक्कांना मी फाटकापाशी झालेलं आबांचं बोलणं वाचून दाखवणार होते. त्यांनी मला थांबवलं. "म्हाईत हाय, बाई. मी आत वळले हुते, बहिरी न्हवते झाले." मग म्हणाल्या, "पण वाचा. त्यांनी काय म्हणलं ते वाचा."

मी दोनदा वाचलं.

दर रविवारी साडेअकराला आजोबा भिंतीपाशी जातात. कढीपत्ता चांगला वाढला आहे. परीक्षेच्या पेल्यांपैकी एक आणि दोन नंबरचे पेले फुटले. तीन नंबरचा अक्कांकडे आहे, आणि त्याच्यावरची चिकटपट्टी अजून निघालेली नाही.